वॉचुलात सही झालेला कायदा

१ मे २०२४ रोजी फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस वॉचुला नावाच्या गावात आले. समुद्रकिनारे आणि डिस्ने बघायला येणारी माणसं या बाजूला फिरकत नाहीत. वॉचुला हे हार्डी काउंटीचं मुख्य ठिकाण. इथं संत्र्याच्या बागा, भाजीपाला आणि गुरांची कुरणं. पशुपालकांच्या जागेत, त्यांच्याच समोर, डिसँटिस यांनी सिनेट बिल १०८४ वर सही केली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या विक्रीवर पूर्ण बंदी घालणारं फ्लोरिडा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. जगभरातले मूठभर उच्चभ्रू लोक सगळ्यांना काचेच्या बशीत वाढवलेलं मांस आणि किडे खायला लावायला निघाले आहेत आणि फ्लोरिडा त्यांच्याशी लढतंय, असं डिसँटिस त्या दिवशी म्हणाले. आपलं बीफ आपण वाचवू, असंही म्हणाले.

हे भाषण लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढे कोर्टात तेच महत्त्वाचं ठरलं.

कायद्याचा मजकूर छोटा आहे. प्राण्याच्या पेशी बाहेर वाढवून तयार केलेलं कोणतंही मांस किंवा खाद्यपदार्थ फ्लोरिडात विक्रीसाठी बनवायचा नाही, विकायचा नाही, विक्रीसाठी ठेवायचा नाही, वाटायचा नाही. विकला तर दुसऱ्या श्रेणीचा सौम्य गुन्हा, म्हणजे ६० दिवसांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड. दुकानाचा किंवा हॉटेलचा परवानाही जाऊ शकतो. खाणाऱ्याला शिक्षा नाही. विद्यापीठांना आणि सरकारी संस्थांना संशोधनाची मुभा आहे. अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून.

सही झाली त्या दिवशी फ्लोरिडातल्या एकाही दुकानात किंवा हॉटेलात हे मांस मिळत नव्हतं. अख्ख्या अमेरिकेत ते त्याआधी दोनच ठिकाणी ताटात आलं होतं: सॅन फ्रान्सिस्कोच्या बार क्रेनमध्ये आणि वॉशिंग्टनच्या चायना चिल्कानोमध्ये, तेही मोजक्या गिऱ्हाइकांसाठी. जी वस्तू बाजारात आलेलीच नाही तिच्यापासून पशुपालकाला वाचवायला कायदा आला.

मी कोणत्या बाजूने आलो तेही सांगतो. आमच्या घरी अकरा वर्षं करारावरचं पोल्ट्रीचं शेड होतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीचं जागरण आमचं. हिवाळ्यात पिल्लं आली की वडील ब्रूडरच्या बल्बखाली हात धरून ऊब बघायचे. बेचाळीस दिवसांनी रात्री लिफ्टिंगची गाडी यायची, काट्यावर वजन व्हायचं, आणि मर किती झाली त्यावर आमचा दर ठरायचा. एका बॅचला खाद्य खराब आलं, पक्ष्यांची वाढच झाली नाही, आणि वजावट मात्र आमच्या नावावर पडली. त्यामुळे मोठ्या भांडवलाचं काहीतरी नवीन येतंय म्हटल्यावर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो तो कशाने, हे मला सांगायला लागत नाही. वॉचुलातल्या गुरंवाल्यांची भीती खरी आहे असंच मी मानतो. प्रश्न एवढाच, की या कायद्याने त्यांचं काय वाचलं?

आधी ती वस्तू नीट समजून घेऊ. कोंबडीच्या फलित अंड्यातून किंवा जिवंत जनावराच्या चिमूटभर ऊतीतून पेशी काढतात. त्यातल्या ज्या चांगल्या वाढतात त्या निवडून गोठवून ठेवतात, म्हणजे दर वेळी प्राण्याकडे जावं लागत नाही. मग या पेशी स्टीलच्या टाकीत सोडायच्या. दुरून बघितलं तर टाकी बिअरच्या कारखान्यातली वाटेल. आत कोमट पाणी, साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं, आणि पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिनं. दोनतीन आठवड्यांत पेशींचा लगदा तयार होतो, तो काढून दाबून आकार द्यायचा. खिमा किंवा नगेट जमतं. धाग्याधाग्यांचा अखंड तुकडा जमवणं फार कठीण आणि फार महाग. शिवाय टाकीत एकदा जिवाणू शिरला की सगळा घाणा फेकून द्यावा लागतो. कोंबडीला रोगप्रतिकारशक्ती असते, टाकीला नसते. सुरुवातीच्या काळात पेशी वाढवायला गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेला द्रव वापरावा लागायचा. प्राणी न मारता मांस म्हणणाऱ्यांची ही मोठी पंचाईत होती, आणि त्याला पर्याय शोधण्यात बरीच वर्षं गेली.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या मार्क पोस्ट यांनी असा पहिला बर्गर लोकांसमोर तळून दाखवला. त्या एका बर्गरचा खर्च अडीच लाख युरो. तिथून वाट पुढे सरकली त्यात उमा वालेती यांचा मोठा वाटा. हे मूळचे विजयवाड्याचे. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये डॉक्टर झाले आणि अमेरिकेत हृदयरोगतज्ज्ञ. लहानपणी एका वाढदिवसाला गेले असता पुढच्या अंगणात जेवणावळ आणि घरामागे त्याच जेवणासाठी कापली जाणारी जनावरं त्यांनी पाहिली. ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. हृदयाच्या स्नायूसाठी मूळपेशी वापरता येतात तर खाण्याचा स्नायू का नाही, या विचारातून २०१५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात कंपनी काढली. तीच आजची अपसाइड फूड्स.

डिसँटिस यांच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली तीही हीच कंपनी. पण त्याआधी सरकारने दिलेली कारणं एकेक तपासून बघू.

पहिलं कारण सुरक्षिततेचं. हे मांस पुरेसं सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं फ्लोरिडाचे कृषी आयुक्त विल्टन सिम्पसन म्हणाले. आता केंद्राची व्यवस्था काय आहे ते पाहा. २०१९ मध्ये एफडीए, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था, आणि केंद्राचं कृषी खातं यांनी काम वाटून घेतलं. पेशी काढण्यापासून टाकीतल्या वाढीपर्यंत एफडीए बघणार, टाकीतून बाहेर काढल्यापासून प्रक्रिया आणि लेबलपर्यंत कृषी खातं. अपसाइडच्या चिकनबद्दल आम्हाला आणखी प्रश्न नाहीत, असं एफडीएने नोव्हेंबर २०२२ मध्ये कळवलं. जून २०२३ मध्ये कृषी खात्याने कारखान्याला तपासणीचा परवाना दिला, तोच जो कोणत्याही कोंबडीच्या कत्तलखान्याला लागतो. एवढ्याने सगळ्या शंका मिटतात असं मी म्हणणार नाही. दहावीस वर्षं माणसांनी खाल्लेली ही वस्तू नव्हे. पर्यावरणाचे दावेही डोळे झाकून घेऊ नयेत. टाकीतल्या द्रवाला औषधाच्या दर्जाची शुद्धता लागली तर त्या मांसाचा कार्बनभार नेहमीच्या बीफच्या ४ ते २५ पट होऊ शकतो, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलं होतं. पण सुरक्षिततेची काळजी असलेलं सरकार तपासणी मागतं, नमुने घेतं, अमुक चाचणी झाल्याशिवाय विकू नका म्हणतं. या कायद्यात कोणती चाचणी पास झाली की बंदी उठेल हे कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरं कारण निसर्गाचं. हे मांस खोटं आहे, सृष्टीच्या विरुद्ध आहे. हे ऐकलं की मला आजी आठवते. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजने १९७१ पासून ज्या पोल्ट्रीचा पाया घातला ती गावोगाव पोचली तेव्हा आमच्याकडे लोक म्हणायचे, ही इंजेक्शनची कोंबडी. आजीने शेवटपर्यंत 'बॉयलर' तोंडात घेतला नाही, आणि पोरगा तेच पाळून घर चालवत होता. आजही आमच्या नाक्यावरच्या चिकनच्या दुकानात पाटीवर दोन भाव असतात, बॉयलरचा वेगळा आणि गावठीचा वेगळा. ज्याला जे परवडतं आणि रुचतं ते तो घेतो. बॉयलर गावठी म्हणून विकला तर दुकानदाराला लोक सोडणार नाहीत. नव्या मांसाबद्दल किळस वाटणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्या किळसेवर फौजदारी कलम उभं करणं ही फार वेगळी गोष्ट झाली.

तिसरं आणि खरं कारण शेतकऱ्याचं. फ्लोरिडात गुरं १५२१ पासून आहेत, स्पॅनिश लोकांनी आणली तेव्हापासून. तिथला धंदा मुख्यतः गायी राखून वासरं काढण्याचा. वासरं मोठी होण्यासाठी टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससकडे ट्रकने जातात. या माणसांचा धंदा अडचणीत आहे हे खरंच आहे. पण तो कशाने अडचणीत आहे?

हार्डी काउंटीतलं उदाहरण घ्या. तिथला दुसरा आधार संत्री. २००५ मध्ये फ्लोरिडात सिट्रस ग्रीनिंग हा संत्र्याच्या झाडांचा रोग सापडला. सायला नावाची बारीक कीड तो झाडोझाड पसरवते. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला ही दोन्ही नावं नवी नाहीत. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात २४ कोटींहून जास्त पेट्या संत्री निघाली होती. २०२३-२४ मध्ये जेमतेम १ कोटी ८० लाख. मधल्या काळात सप्टेंबर २०२२ चं इयन वादळ आलं, पीस नदी फुगली आणि हार्डी काउंटी पाण्याखाली गेली. बाग गेली की जमीन विकायला निघते आणि तिथं घरांच्या वसाहती उभ्या राहतात. कुरणांचंही तेच. देशभर बघितलं तर १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत एकूण ८ कोटी ६७ लाख गुरं होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी. दुष्काळ, चाऱ्याचा आणि व्याजाचा खर्च, वयस्क शेतकरी ही त्यामागची कारणं. टाकीतल्या चिकनने यातली एक गायही कमी केलेली नाही.

असा कायदा अमेरिकेत नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोण्याऐवजी वापरायचं स्वस्त मार्गारिन आलं तेव्हा दूधवाल्या राज्यांनी हेच केलं. पेनसिल्वेनियाने १८८५ मध्ये सरळ बंदी घातली आणि १८८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यही केली. न्यू हॅम्पशायरने तर मार्गारिन गुलाबी रंगवूनच विका असा कायदा केला, म्हणजे कुणी हातच लावणार नाही. तो १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. विस्कॉन्सिनमध्ये लोण्यासारख्या पिवळ्या मार्गारिनवरची बंदी १९६७ पर्यंत टिकली.

आपल्याकडे हीच गोष्ट वनस्पती तुपाची झाली. १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना सुरू झाला, १९३७ मध्ये डालडा आला. साजूक तुपात भेसळ होते म्हणून गांधीजींनी वनस्पतीला कडाडून विरोध केला. १९५० च्या सुमारास संसदेत बंदीचं विधेयक आलं. वनस्पतीला रंग द्यावा म्हणजे ओळखू येईल, असंही बरंच चाललं. शेवटी टिकला तो साधा उपाय: वनस्पतीत ठरावीक प्रमाणात तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. तिळाचं तेल असलं की एका सोप्या रासायनिक चाचणीत लाल रंग येतो. तुपात डालडा मिसळला की परीक्षानळीत दिसायचा. वनस्पती विकणाऱ्याला विकू दिलं, तूपवाल्याची फसवणूक पकडायला हत्यार दिलं. पुढे वनस्पतीच्या तब्येतीवरच्या परिणामांबद्दल जे कळलं तो विषय वेगळा, पण भेसळ पकडायची ही तऱ्हा मला अजून शहाणपणाची वाटते.

अपसाइडने बंदी लागू होण्याच्या तोंडावर, जूनच्या अखेरीस, मायामीच्या विनवुड भागात लोकांना फुकट चिकन खाऊ घातलं. कुरकुरीत तोस्तादा, वर अव्होकाडो आणि टाकीतलं चिकन. १ जुलैनंतर तेच ताट वाटणं गुन्हा झाला. १२ ऑगस्ट २०२४ रोजी इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेच्या वकिलांमार्फत कंपनीने फ्लोरिडाच्या राजधानीतल्या, तलाहासीच्या संघीय न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी विल्टन सिम्पसन. हा दावा हास्यास्पद आहे, शेतं बंद पाडण्याच्या राजकीय कार्यक्रमाचा हा भाग आहे, अशी त्यांची प्रतिक्रिया होती.

दाव्यात दोन मुद्दे होते. एक म्हणजे पोल्ट्री तपासणीच्या केंद्रीय कायद्यानुसार घटकांबद्दल राज्याला वेगळे नियम लावता येत नाहीत, म्हणून ही बंदी टिकत नाही. न्यायाधीश मार्क वॉकर यांना हे पटलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी अंतरिम स्थगिती नाकारली आणि एप्रिल २०२५ मध्ये हा मुद्दा काढून टाकला. दुसरा मुद्दा मात्र त्यांनी पुढे चालू दिला, आणि सगळ्या प्रकरणाचा जीव त्यातच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार आंतरराज्य व्यापाराचा अधिकार केंद्राकडे. त्यातून कोर्टांनी काढलेला अर्थ असा, की एखादं राज्य आपल्या धंदेवाल्यांना बाहेरच्या स्पर्धेपासून वाचवण्यासाठी बाजाराचं दार लावू शकत नाही.

इथं मांस उद्योगाचाच जुना खटला आडवा येतो. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये जनमताने ठरवलं, की डुकरिणीला २४ चौरस फुटांपेक्षा कमी जागेत कोंडलं असेल तर त्या पिलावळीचं मांस इथं विकायचं नाही. डुक्करपालकांची राष्ट्रीय संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ११ मे २०२३ रोजी हरली. निकालात न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिलं, की राज्यघटनेत अनेक वजनदार विषय आहेत, पण कॅलिफोर्नियाच्या व्यापाऱ्यांनी कोणते पोर्क चॉप विकावेत हा त्यांपैकी नाही. मग फ्लोरिडाने काय विकू द्यावं हा विषय तरी राज्यघटनेत कसा, असं फ्लोरिडा विचारू शकतं, आणि त्यात दम आहे. शिवाय फ्लोरिडातल्या माणसाने टाकी लावली तरी तोही गुन्हेगारच. कागदावर आतला-बाहेरचा भेद नाही.

पण कॅलिफोर्नियाचा कायदा स्वतःच्या डुक्करवाल्यांना वाचवायला केलेला नव्हता. जनावराला हलण्याइतकी जागा मिळावी हा त्याचा हेतू. फ्लोरिडाच्या कायद्याचा हेतू काय, हे विरुद्ध पक्षाला शोधावं लागलं नाही. गव्हर्नरांनी आपल्या राज्याच्या शेतकऱ्या-पशुपालकांना वाचवतोय असं जाहीरपणे सांगितलं. वॉचुलातली वाक्यं दाव्याच्या अर्जात जशीच्या तशी आली.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते धंद्यातल्या मोठ्या संघटनांनी. अमेरिकेतल्या मांस उद्योगाची मीट इन्स्टिट्यूट या बंदीच्या विरोधात होती. त्यांच्या सभासदांना टाकीतल्या मांसाचं प्रेम आलं म्हणून नव्हे. आज राज्याने एक मांस विकायला बंदी घातली तर उद्या दुसरं एखादं राज्य बीफवर घालेल, हा हिशेब त्यांना कळतो.

तरी लाट थांबली नाही. फ्लोरिडानंतर आठवड्याच्या आत अलाबामाने सही केली. २०२५ मध्ये मिसिसिपी, मोंटाना, नेब्रास्का आले. इंडियानाने ३० जून २०२७ पर्यंतची तात्पुरती बंदी घातली, टेक्सासने १ सप्टेंबर २०२५ पासून दोन वर्षांची. टेक्सासमध्ये तर ऑस्टिनच्या एका सुशी हॉटेलात त्या उन्हाळ्यात वाइल्डटाइप कंपनीचा टाकीतला सॅमन मासा खरोखर गिऱ्हाइकांच्या ताटात वाढला जात होता. बंदी लागताच ही कंपनी आणि अपसाइड दोघी मिळून तिथल्या संघीय कोर्टात गेल्या. या सगळ्यांच्या आधी, २०२३ च्या अखेरीस, इटलीने १० हजार ते ६० हजार युरो दंडाचा कायदा केलेला होता.

महाराष्ट्रात राहून हे वाचताना २०१५ आठवल्याशिवाय राहत नाही. गोवंश हत्याबंदीचा आपला कायदा कारणांनी आणि इतिहासाने अगदी वेगळा आहे, त्याची फ्लोरिडाशी बरोबरी मी करत नाही. पण त्यातलं कलम ५-ड असं होतं, की राज्याबाहेर कायद्याने कापलेल्या गोवंशाचं मांस इथं नुसतं जवळ बाळगलं तरी गुन्हा. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली आणि हे कलम रद्द केलं. माणसाच्या स्वयंपाकघरात राज्याने किती शिरायचं, ही रेघ तिथं ओढली गेली. फ्लोरिडाने खाणाऱ्याला सोडून विकणाऱ्याला धरलं, म्हणून ती रेघ तिथल्या खटल्यात तितकी ठळक दिसत नाही.

आणि हा विषय आपल्या दारातही येतोय. २०२४ च्या जानेवारीत कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने एका दिल्लीच्या कंपनीबरोबर मासे टाकीत वाढवण्याचा करार केला. त्यांच्या यादीत पापलेट आणि सुरमई आहेत. मालवणच्या किंवा ससून डॉकच्या कोळणीने त्याबद्दल काळजी केली तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. पण बाजूने उभं राहायचं म्हणजे काय? टाकीतली सुरमई समुद्रातली म्हणून विकली जाणार नाही, तिच्या पाकिटावर समोरच, ठळक अक्षरांत ते लिहिलं जाईल, वेगळ्या ट्रेमध्ये ठेवली जाईल, हॉटेलच्या मेनूवरही तसंच छापलं जाईल, आणि हे मोडणाऱ्याला दंड होईल. एवढं मिळालं की कोळणीची सुरमई तिच्या चवीवर आणि ताजेपणावर विकली जाईल.

फ्लोरिडात तर गुरंवाल्यांना वाचवायचं खरं हत्यार आधीपासून आहे, तेही सिम्पसन यांच्याच खात्यात. २००१ पासून तिथं ग्रामीण आणि कौटुंबिक जमिनी राखायची योजना चालते. राज्य कुरणमालकाला पैसे देतं आणि त्या बदल्यात त्या जमिनीवर कधीच वसाहत बांधायची नाही असा कायमचा करार करून घेतं. जमीन मालकाचीच राहते, गुरं तिथंच चरतात, मुलगा पुढे तोच धंदा करू शकतो, आणि बिल्डर दारात आला तर त्याला विकत घेण्यासारखं काही उरलेलं नसतं.